आप्पांच्या फाईलमधलं जादाचं पान

पत्र :
मॅडम, आमचं गाव खानापूर तालुक्यात. आप्पांचं वय ५४. तंबाखू-चुना त्यांना पोरवयापासून लागतो. गेल्या महिन्यात बेळगावात त्यांच्या डाव्या गालाचं ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठीही काढल्या. आता ३० वेळा रेडिएशन घ्यायला सांगितलंय. डिस्चार्जच्या कागदांत एक जादाचं पान आलंय. त्यावर एसओडी, कॅटलेज आणि जीपीएक्सच्या पुढे खालच्या दिशेचे बाण आहेत आणि एमडीएच्या पुढे वरचा. पुण्याच्या चुलतभावाने नेटवर बघून सांगितलं की एसओडी कमी असला की पेशंट फार दिवस काढत नाही. मामा म्हणतात, दोन महिने अँटिऑक्सिडंट पावडर देऊन आधी हे आकडे वर आणूया, रेडिएशन मग बघू. डबा आणलासुद्धा. आप्पांना आम्ही काही सांगितलेलं नाही. आई मिश्री लावते, भाऊ सुपारी खातो, त्यांचीही भीती वाटायला लागलीय. काय करायचं कळंना झालंय. बायोप्सीच्या रिपोर्टचा फोटो जोडलाय.
— एक मुलगी, खानापूर तालुका

उत्तर :

रेडिएशनची तारीख पुढे ढकलू नकोस. बाकीचं उत्तर निवांत वाच, पण एवढं आजच मामांना सांग. तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर रेडिएशन साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं, असं सगळीकडचे कॅन्सरतज्ज्ञ धरून चालतात. तुमचे चार आठवडे होत आले. त्यात पावडरचे दोन महिने घातले तर पार तीन महिने होतील. डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या काही पेशी मागे राहिल्या असतील त्यांना एवढी सवड द्यायची नाही, म्हणून तर रेडिएशन सांगितलंय.

आता ते पान. ते खोटं नाही, पण ते आप्पांच्या उपचारासाठी काढलेलंही नाही. वैद्यकीय आणि दंत महाविद्यालयांत एमडी, एमडीएस करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो आणि तोंडाचा कॅन्सर व अँटिऑक्सिडंट एन्झाइम हा आपल्याकडचा फार आवडता विषय आहे. पेशंट भरपूर, तपासणी स्वस्त, रक्त पाच मिलिलिटर पुरतं. ऑपरेशनच्या आधी आप्पांची एका जादाच्या फॉर्मवर सही घेतली असणार, आठवून बघ. त्या अभ्यासाचे आकडे तुमच्या फाईलमध्ये आले. आले तर आले, पण ते कशाचे आहेत हे कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. नुसते बाण हातात दिले की घरातली माणसं त्यांचा अर्थ लावणारच.

पानावरची पहिली तीन नावं एन्झाइमांची, म्हणजे पेशीतली कामं उरकणाऱ्या प्रथिनांची. हे एन्झाइम करतात काय, ते आधी बघू. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनचा थोडा भाग पेशीत वापरला जाताना बिघडतो आणि त्याचा सुपरऑक्साइड नावाचा चिडका रेणू तयार होतो. दिसेल त्याला तो चावतो, मग ती पेशीची भिंत असो की आतला डीएनए. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, म्हणजे तुझ्या पानावरचा एसओडी, त्याला पकडून हायड्रोजन पेरॉक्साइड करतो. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी या एन्झाइमचं हे काम दाखवून दिलं. हायड्रोजन पेरॉक्साइडही घातकच, म्हणून पुढे कॅटलेज त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतो. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतल्यावर जो पांढरा फेस येतो ना, ते आपल्या रक्ता-मांसातल्या कॅटलेजचंच काम. तिसरा जीपीएक्स, म्हणजे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. हाही पेरॉक्साइडच निकामी करतो, पण पेशीतला ग्लुटाथायोन नावाचा बचावाचा रेणू खर्च करून, आणि त्याला सेलेनियम लागतं. एमडीए हे एन्झाइम नव्हे. पेशीच्या भिंतीतली चरबी जळाली की मागे उरणारा तो कचरा.

तंबाखूशी याचा संबंध सरळ आहे. चुना मळला की निकोटिन झटकन आत शिरतं, म्हणून तर चुना लावतात. सुपारी चुन्याबरोबर चघळली की तिच्यातल्या तुरट द्रव्यांपासून हेच चिडके रेणू तोंडात तयार होतात. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कॅन्सर करणारी द्रव्यं वेगळीच. आणि हे सगळं रोज एकाच गालफडात, हिरडी आणि गाल यांच्या खाचेत, तासन्‌तास, वर्षानुवर्षं. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर बहुतेक जिभेला किंवा जिभेखाली होतो, आपल्याकडे गालाला आणि हिरडीला. आप्पा गोळी कुठल्या बाजूला धरायचे ते आईला विचार. डावीकडेच असणार.

तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं, रक्तातले हे एन्झाइम मोजून आजार किती पुढे गेलाय आणि माणूस कितपत बरा होईल ते सांगता येईल का? वाटण्यात काही चूक नव्हतं. भारतात यावर कितीतरी अभ्यास झाले. बऱ्याच अभ्यासांत पेशंटच्या रक्तात एसओडी, कॅटलेज कमी आणि एमडीए जास्त दिसलं. काहींत आजार जितका पुढचा तितका हा फरक मोठा, आणि उपचारांनंतर आकडे पुन्हा सावरलेले दिसले. तुझ्या चुलतभावाने यातलंच काहीतरी वाचलंय. त्याने वाचलं ते बरोबर, पण आप्पांना लावलं ते चूक.

का, ते सांगते. पहिली अडचण अशी की रक्तातले आकडे आणि गाठीतले आकडे नेहमी एका दिशेने चालत नाहीत. रक्तात उतरलेले दिसणारे ग्लुटाथायोन आणि जीपीएक्स तोंडातल्या गाठीच्या तुकड्यात अनेकदा वाढलेले सापडतात. कॅन्सरची पेशी काही खुळी नाही, स्वतःच्या बचावाची सोय ती आधी करून ठेवते. जिभेच्या कॅन्सरच्या काही अभ्यासांत तर एसओडीचा मँगनीजवाला प्रकार ज्या गाठींत जास्त होता, त्या मानेत पसरण्याची शक्यता जास्त दिसली. मग बाण वर असलेला चांगला की खाली असलेला? मामांना हा प्रश्न जरूर विचार.

दुसरी अडचण मोजण्यातली, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण उभी हयात मी बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत काढली. एमडीए मोजायचं म्हणजे नमुन्यात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. थोड्या वेळाने गुलाबी रंग चढतो, तो ५३२ नॅनोमीटरला वाचायचा. पण तो गुलाबी रंग एकट्या एमडीएमुळे येत नाही. रक्तातली साखर, बिलिरुबिन, असे आणखी कितीतरी पदार्थ त्यात थोडाथोडा रंग भरतात. एसओडी तर थेट मोजलाही जात नाही. दुसरी एखादी रासायनिक क्रिया तो किती अडवतो, त्यावरून अंदाज बांधायचा. एक प्रयोगशाळा आकडा हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे देते, दुसरी मिलिलिटरमागे, तिसरी प्रथिनांमागे. रक्त काढल्यावर नळी बर्फात ठेवली की टेबलावर राहिली, तांबड्या पेशी फुटल्या का, तपासणी त्याच दिवशी झाली की नमुना फ्रीजमध्ये पडून राहिला, यावरही निकाल हलतो. म्हणून साखर किंवा क्रिएटिनिनसारखी सगळ्या लॅबना लागू पडेल अशी हद्द या आकड्यांना नाही. तुझ्या पानावरचे बाण त्या विद्यार्थ्याने घेतलेल्या निरोगी गटाच्या सरासरीवरून काढलेले असणार.

आणि एसओडी फक्त कॅन्सरमुळे खाली येत नाही. नुसती तंबाखू खाणाऱ्याचाही येतो, कॅन्सर नसला तरी. रक्त कमी असलं, साखर असली, खाणं तुटलं तरी आकडे बदलतात. तोंडात एवढी जखम घेऊन आप्पा किती दिवस नीट जेवले नसतील याचा विचार कर.

गटाचा आकडा एका माणसाला लावायचा म्हणजे बेळगाव जिल्ह्याच्या सरासरी पावसावरून तुमच्या शेताचा अंदाज करण्यासारखं आहे. कणकुंबीत धो-धो कोसळतो, अथणीत ढगाकडे बघत बसतात, आणि दोन्ही एकाच सरासरीत. अभ्यासात बरे झालेले आणि न झालेले, दोघांचे आकडे असेच एकमेकांत मिसळलेले असतात. एखादी तपासणी पेशंटचं भविष्य सांगते असं मानायला, स्टेज कळल्यावरही ती काहीतरी जास्तीचं सांगते हे नव्या पेशंटांवर, वेगवेगळ्या रुग्णालयांत, एकच हद्द धरून पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. या एन्झाइमांच्या बाबतीत ते झालेलं नाही. म्हणून जगात कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ एसओडी बघून रेडिएशन द्यायचं की नाही ते ठरवत नाही. आप्पांच्या डॉक्टरांनीही ते पान पाहिलं नसेल, आणि त्यात त्यांची चूक नाही.

ज्या कागदावर नजर ठेवायची तो तू फोटोत पाठवलायस : ऑपरेशननंतरची बायोप्सी. त्यातल्या चार ओळी वाच. गाठ २.८ सेंटिमीटर. खोली, म्हणजे ती गालाच्या मांसात किती खाली उतरली, ८ मिलिमीटर. कडा मोकळ्या, सगळ्यांत जवळची कड ७ मिलिमीटरवर. मानेतल्या ३२ गाठींपैकी (या लसीका ग्रंथी, त्या प्रत्येकाच्या मानेत असतातच) एकीत कॅन्सर, ती १.२ सेंटिमीटरची, आणि तो गाठीच्या आवरणाबाहेर फुटलेला नाही. आप्पांचं पुढचं जे काही सांगता येण्यासारखं आहे ते या चार ओळींत आहे. खोली आणि गाठीचं आवरण फुटणं या दोन गोष्टी २०१८ पासून वापरात आलेल्या स्टेजच्या नियमांत मुद्दाम घेतल्या गेल्या, कारण त्यांचा माणसाच्या जगण्याशी असलेला संबंध हजारो पेशंटांत दिसला होता. एसओडीला ते जमलं नाही, ते असं.

आता या ओळी काय म्हणतात? कड ५ मिलिमीटरपेक्षा दूर आहे, हे चांगलं. आवरण फुटलेलं नाही, हे तर फारच चांगलं. फुटलं असतं तर रेडिएशनबरोबर केमोही सांगितली असती. एका गाठीत आजार सापडला म्हणून स्टेज तिसरी लिहिलीय. 'तिसरी' वाचून घरात रडारड झाली असेल. तिसरी म्हणजे शेवटची नव्हे. तिसऱ्या स्टेजचा उपचार बरं करण्याच्या हेतूनेच करतात, नुसतं दुखणं कमी करण्यासाठी नाही. किती वर्षं, असा आकडा मी पत्रातून देणार नाही. तो आप्पांना तपासलेल्या डॉक्टरांनाच विचार, आणि विचारताना हा रिपोर्ट हातात ठेव, ते पान नको.

जाता जाता, गालाला गाठ असताना मान का उघडली हा प्रश्न गावात हमखास निघतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये, मानेला गाठ लागत नसतानाही, मान तेव्हाच साफ करावी की गाठ आल्यावर, याची तुलना केली. २०१५ साली निकाल आले : तीन वर्षांनी पहिल्या गटात ८० टक्के पेशंट जिवंत होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. आप्पांच्या मानेतली ती एक गाठ आत राहिली असती तर काय झालं असतं, हे कुणी विचारलं तर सांगायला हे आकडे बरे.

आता डबा. तो बंद कर. मामांनी मायेनेच आणलाय, त्यांना बोल लावू नकोस, पण डबा उघडू नकोस. रेडिएशन कॅन्सरच्या पेशी मारतं ते बरंचसं अशाच चिडक्या रेणूंच्या जोरावर. किरण पेशीतल्या पाण्यावर पडले की हे रेणू तयार होतात आणि डीएनए तोडतात. एकीकडे मशीनने ते तयार करायचे आणि दुसरीकडे पावडरने ते विझवायचे, हा कसला उपचार? नुसता तर्क म्हणून हे सांगत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या ५४० पेशंटांवर हे करून पाहिलं गेलं. निम्म्यांना रेडिएशन चालू असताना आणि त्यानंतर व्हिटॅमिन ई दिलं, सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. २००५ साली निकाल आले तेव्हा गोळ्या चालू असण्याच्या काळात दुसरा कॅन्सर निघण्याचं प्रमाण व्हिटॅमिनवाल्यांत जास्त होतं. पुढच्या पाठपुराव्यात मृत्यूही त्यांच्यातच जास्त निघाले. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर घटायच्या ऐवजी वाढला, हे १९९४ पासून माहीत आहे. डब्यावर 'नैसर्गिक' छापलेलं असेल. तंबाखूही नैसर्गिकच, निपाणीच्या रानात पिकते.

जेवणातल्या भाजी-फळांवर बंदी नाही, हा गैरसमज करून घेऊ नका. बंदी आहे ती गोळ्या, पावडर आणि काढ्यांच्या ठासून भरलेल्या मात्रेवर. आप्पांना खरी गरज आहे ती वजन टिकवायची. नाचणीची आंबील, मऊ भात-वरण, अंडं, ताक, दूध, चिकनचं पाणी, जे घशाखाली उतरेल ते, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलल्यासारखं होईल, तिखट सोडाच, साधं मीठही झोंबेल, चव जाईल, थुंकी आटेल. तेव्हा मिठाच्या आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या. डॉक्टर नाकातून नळी घालायची म्हणाले तर हट्ट करू नका. नळी म्हणजे हार नव्हे, ती काही आठवड्यांची सोय आहे.

रेडिएशनच्या आधी दात दाखवले का? पत्रात काही नाही, म्हणून विचारते. किडलेला दात नंतर काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. या आठवड्यातच दाखवा, आणि दात काढावा लागला तर रेडिएशनवाल्या डॉक्टरांशी बोलूनच, म्हणजे तारीख चुकणार नाही.

आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, रोज खानापूर-बेळगाव करणं पहिले पंधरा दिवस जमेल, पुढे जड जाईल. बेळगावात शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठेही पाहुणे असतील तर आताच विचारून ठेवा. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक'च्या खिडकीवर जा. कन्नड येणारं कुणीतरी बरोबर असू दे, आणि आप्पांचं नाव रेशनकार्डावर, आधारवर आणि केसपेपरवर एकसारखं आहे का ते आधी बघ. कन्नडमधून इंग्रजीत, इंग्रजीतून परत मराठीत येताना आपल्याकडे माणसाची आडनावं बदलतात आणि मंजुरी तिथेच अडकते. महाराष्ट्राने २०२३ साली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावर कर्नाटकने हरकत घेतली. तुमचं गाव त्या यादीत असलं तरी त्या भरवशावर तारीख घालवू नका. आधी जी खिडकी उघडी आहे तिथे जा.

आप्पांना सांगितलेलं नाही म्हणतेस. गालाला एवढे टाके, मानेला चीर, वॉर्डात शेजारच्या खाटेवर तसाच दुसरा माणूस. त्यांना कळलेलं नाही असं तुम्हालाच वाटतंय. तोंडावर जाळीचा मास्क बसवून रोज एकट्याने मशीनखाली झोपायचं आहे त्यांना. कशासाठी, ते त्यांना ठाऊक असायला हवं. आकडे सांगू नका. 'गाठ कॅन्सरची होती, काढलीय, कडा मोकळ्या निघाल्या, पुन्हा होऊ नये म्हणून किरणं घ्यायची' एवढं पुरे. हे सांगितलंत तरच 'आप्पा, आता तंबाखू नाही' म्हणायला अर्थ येईल. त्यांनी पुन्हा सुरू केली तर त्याच तोंडात दुसरा कॅन्सर उठायची भीती राहते. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत नंबर आहे, तंबाखूच्या पुड्यांवरही छापलेला असतो.

ते पान फाडू नकोस, फाईलच्या तळाशी ठेव. परत तपासणी करून घ्यायला मात्र जाऊ नकोस, एक रुपयाही त्यावर घालू नकोस.

राहिली आई आणि भाऊ. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासायला लावतात म्हणून ती औषध होत नाही. भाऊ म्हणत असेल, मी तंबाखू कुठे खातो, नुसती सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारी ही एकटीही, तंबाखूशिवायही, कॅन्सर करते असा निष्कर्ष छापलाय. त्याला आरशासमोर उभा कर आणि स्वतःची मधली तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमधून आत घालायला सांग. बोटं शिरत नसतील, तिखट खाल्लं की गाल जळत असेल किंवा आतून पांढरट, ताठ लागत असेल, तर सुपारीने गाल आवळायला लागलाय. आईच्या हिरडीवर, ओठाच्या आत, पांढरा-लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवडे न भरणारी जखम आहे का, ते दिवसाच्या उजेडात बघ. काही दिसलं किंवा शंका वाटली, तर आप्पांचे दात दाखवायला जाल त्याच दिवशी दोघांनाही घेऊन जा आणि तिघांचे केसपेपर एकदमच काढा.